फालूनच्या खाणीतला मॅट्स

स्वीडनमधल्या फालून गावची तांब्याची खाण डिसेंबर १९९२ मध्ये बंद झाली. हजारएक वर्षं ती चालली होती. सतराव्या शतकात, तिच्या ऐन भरात, युरोपातलं निम्म्याहून अधिक तांबं तिथूनच निघे. स्वीडनच्या राजांच्या लढाया त्याच पैशावर चालत. १६८७ मध्ये खाण कोसळली. उन्हाळी सणाची सुट्टी होती, म्हणून माणसं वाचली. उरला तो शंभरेक मीटर खोल खड्डा.

मी कविता करणारा माणूस. तांब्याचे आकडे माझ्या फार लक्षात राहत नाहीत. लक्षात राहिला तो मॅट्स. १६७७ मध्ये तो एकटाच खाणीत उतरला आणि परतला नाही. १७१९ मध्ये मजुरांना पाण्यात एका तरुणाचं प्रेत सापडलं. हिराकस मुरलेल्या त्या पाण्यात ते कुजलंच नव्हतं. ओळखणार कोण? एक म्हातारी पुढे आली. बेचाळीस वर्षांपूर्वी त्याच्याशी तिचं लग्न ठरलं होतं. तो तसाच होता.

आमच्याकडे मयत ताटकळत ठेवत नाहीत. मॅट्सला लोकांनी काचेच्या पेटीत मांडलं, पुरलं, पुन्हा उकरून मांडलं. कायमची मूठमाती त्याला १९३० मध्ये मिळाली. खाण तेव्हा चालूच होती.