सत्तेचाळीस सेकंदांचं गणित

आम्ही मैलूरचे. बिदरहून गुलबर्ग्याला आज रेल्वेनं 110 किलोमीटर. पण 2017 च्या ऑक्टोबरपर्यंत सरळ गाडीच नव्हती, विकाराबाद-वाडीचा वळसा, दुपटीहून जास्त लांब. म्हणून लोक बसनंच जायचे.

हैदराबादची लाइन मात्र निजामाच्या काळातली. आईला ऑपरेशनसाठी त्याच गाडीनं नेलं. कोळशाचं इंजिन होतं. आप्पांनी घड्याळ काढून मला शिकवलं: रूळ 13 मीटरचा, 47 सेकंदांत जितके खटके ऐकू येतील तितका ताशी वेग. मी मोजले, 24. परत मोजले, 22. आई डोळे मिटून पडलेली, आणि मला इंजिनाचा राग येत होता.

राग अर्धाच खरा होता. सपाटीवर टनामागं तीन-चार किलो ओढ पुरते. शंभरात एक चढ आला की आणखी दहा किलो लागते. म्हणजे तेवढ्याच ताकदीत वेग पडणारच. पुढं 2600 अश्वशक्तीचं डिझेल आलं, तरी 800 टनांची गाडी घेऊन अशा चढावर ते पंचेचाळीसच्या आसपासच येतं.

पण सपाटीवरही गाडी रेंगाळायची, तिथं दोष इंजिनाचा नव्हे. भालकीकडची काळी माती पावसात फुगते, उन्हात भेगाळते, रूळ खालीवर होतो. मग ड्रायव्हरच्या हातात कॉशन ऑर्डर: इथं तीस, तिथं वीस. आणि थांबून वेग परत घ्यायला वेळ जातो तो वेगळाच! कितीही तगडं इंजिन जोडा, कागदावर वीस म्हणजे वीस.

आम्ही रात्री पोचलो, डॉक्टर निघून गेलेले. ऑपरेशन दुसऱ्या दिवशी झालं. आई वाचली, पण ती रात्र आप्पा विसरले नाहीत.

नव्या लाइनवर मरगुत्तीचा बोगदा आहे, दीड किलोमीटरहून लांब. बिदर साडेसहाशे मीटरच्या वर, गुलबर्गा साडेचारशेच्या आसपास, म्हणजे येताना चढच. पहिल्यांदा बसलो तेव्हा सवयीनं घड्याळ काढलं. खटके नाहीतच! रूळ जोडून एकसंध, खाली सिमेंटचे स्लीपर. मग किलोमीटरचे दगड मोजत बसलो.