कोरड्या भूमीतील घोडापूर

ज्या प्रदेशात वर्षाकाठी सुमारे २५० मिलिमीटरहून कमी पाऊस पडतो, त्यास सर्वसाधारणपणे वाळवंट म्हटले जाते. अशा भूमीत पाण्याचे दुर्भिक्ष हीच चिंता असल्याने पुराचे भय सहसा कोणाच्या मनात नसते. तेथील पूर प्राणघातक ठरण्याचे हे एक मोठे कारण होय.

मोकळी वाळू पाणी चटकन शोषून घेते हे खरे. परंतु वाळवंट म्हणजे केवळ वाळूच्या टेकड्या नव्हेत. त्याचा मोठा भाग उघडा खडक, मुरूम आणि उन्हाने टणक झालेल्या मातीचा असतो. पावसाच्या पहिल्या थेंबांनीच मातीचे बारीक कण दाबले जाऊन भूपृष्ठावर कवच तयार होते. पाणी अडविणारे गवत वा झाडे नसतात. त्यामुळे पडलेला बहुतेक पाऊस उतारावरून धावत कोरड्या पात्रात एकवटतो आणि घटकाभरात घोडापूर येतो. लोंढ्याच्या अग्रभागी माती, दगड व झुडपे असतात. प्रवाहाचा वेग दुप्पट झाला की त्याचा रेटा चौपट होतो. सुमारे ६० सेंटिमीटर खोलीचे वाहते पाणी मोटारगाडी वाहून नेण्यास पुरेसे ठरते.

माथ्यावर ढग नसतानाही हे संकट कोसळू शकते. अमेरिकेतील अ‍ॅरिझोना राज्यातील अ‍ॅन्टिलोप कॅन्यन या अरुंद घळईत १२ ऑगस्ट १९९७ रोजी ११ पर्यटक वाहून गेले. त्या ठिकाणी पाऊस नाममात्रच होता; वादळ दूरच्या पठारावर झाले होते.

भारतात या संकटाचे सर्वांत बोलके उदाहरण राजस्थानातील बाडमेर जिल्ह्याचे आहे. बंगालच्या उपसागरावर निर्माण झालेली कमी दाबाची क्षेत्रे थरच्या वाळवंटापर्यंत क्वचितच पोहोचतात. ऑगस्ट २००६ मध्ये तसे घडले आणि जिथे वर्षभरात सरासरी २७५ मिलिमीटरच्या आसपास पाऊस होतो, तिथे अवघ्या तीन दिवसांत ५०० मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळला. एरवी कोरड्या असणाऱ्या रोहिली नदीचे पाणी कवास गावात शिरले. सखल भागात वसलेले हे गाव पाहता पाहता बुडाले. शंभराहून अधिक माणसे आणि हजारो जनावरे दगावली. वाळवंटातील गावांत नावा कोठून असणार? बचावकार्यासाठी लष्कराला पाचारण करावे लागले.

वाळवंटातील पूर जसा येतो तसा काही तासांत ओसरतो, असा सर्वसाधारण अनुभव. कवासमध्ये मात्र पाणी हटेना. तेथील वाळूखाली जिप्समचा थर आहे आणि तो पाणी खाली झिरपू देत नाही. परिणामी वाळूच्या टेकड्यांमध्ये विस्तीर्ण तलाव निर्माण झाले व ते अनेक महिने टिकून राहिले. पाण्यासाठी मैलोन्‌मैल चालणाऱ्या लोकांना आपल्या घरातील पाणी पंपांनी उपसले जाण्याची वाट पाहावी लागली.

लडाखच्या शीत वाळवंटातील लेहची कथा याहून चमत्कारिक आहे. ५ ऑगस्ट २०१० च्या मध्यरात्री तेथे ढगफुटी झाली. चिखल आणि धोंड्यांच्या लोंढ्याने लेहचे बसस्थानक, रुग्णालय, दूरध्वनी केंद्र व नजीकच्या चोगलमसर गावातील वस्ती उद्ध्वस्त केली. दोनशेहून अधिक लोक मृत्युमुखी पडले. मात्र लेहच्या वेधशाळेत त्या रात्रीच्या पावसाची नोंद झाली ती केवळ १२.८ मिलिमीटर! पर्जन्यमापकास दोष देता येणार नाही. ढगफुटीचे क्षेत्र काही किलोमीटरांपुरतेच असते आणि त्या रात्री ते वेधशाळेच्या माथ्यावर नव्हते. लडाखी घरे कच्च्या विटांची व सपाट मातीच्या छपरांची असतात. अल्प पावसाच्या हवेत ती शतकानुशतके उत्तम टिकली. लोंढ्यापुढे ती विरघळून गेली. लेह येथे पुढे २०२२ मध्ये डॉप्लर रडार कार्यान्वित करण्यात आले.

महाराष्ट्रात वाळवंट नाही; परंतु सह्याद्रीच्या पूर्वेकडील पर्जन्यछायेचा पट्टा अवर्षणासाठीच ओळखला जातो. अहिल्यानगर जिल्ह्यात उगम पावणारी सीना नदी याच पट्ट्यातून वाहते. सप्टेंबर २०२५ मध्ये तिला आलेल्या महापुराने सोलापूर जिल्ह्यातील करमाळा, माढा, मोहोळ आणि धाराशिव जिल्ह्यातील परांडा या तालुक्यांत हाहाकार उडविला. एरवी टँकरची वाट पाहणाऱ्या भागांतील लोकांना नौका व हेलिकॉप्टरने बाहेर काढावे लागले. लांबोटीनजीक पाणी आल्याने सोलापूर-पुणे महामार्गावरील वाहतूक थांबली.

पिके गेली, गोठ्यात बांधलेली जनावरे गेली. परंतु सर्वांत मोठी हानी मातीची झाली. नदीकाठच्या अनेक शेतांतील काळी माती खरवडून निघाली आणि खालचा मुरूम उघडा पडला. बुडालेल्या पिकानंतर पुढच्या हंगामात पेरणी करता येते. माती गेलेल्या रानात काय पेरायचे? राज्य शासनाने ऑक्टोबर २०२५ मध्ये जाहीर केलेल्या मदतीत म्हणूनच खरडून गेलेल्या जमिनींसाठी स्वतंत्र तरतूद करण्यात आली: हेक्टरी ४७ हजार रुपये रोख आणि रोजगार हमी योजनेतून ३ लाख रुपयांपर्यंतची कामे. ही कामे म्हणजे मुख्यत्वे अन्य ठिकाणाहून माती आणून शेतात पसरणे होय.