आधी कागद, मग माणूस

1974 साली फोर्टातल्या एका विमा कचेरीच्या भांडार विभागात मी रुजू झाले, तेव्हा साहेबांनी हातात तीन कोटेशनं ठेवली आणि म्हणाले, "बाई, सगळ्यांत स्वस्त असेल ते घ्या." मी घेतलं. बारा कपाटं आली, कप्पे अर्ध्या इंचाने आखूड. फुलस्केप फाइल तिरकी केल्याशिवाय आत जाईना, आणि गेलीच तर दार लागेना. ती परत पाठवण्यात चार महिने गेले. त्या दिवसापासून पर्समध्ये मोजायची टेप असे. आधी कागद मोजायचा, मग फर्निचरचं बघायचं.

माझे आजोबा काळबादेवीला कापडाच्या पेढीवर दिवाणजी होते. त्यांच्या कचेरीचं सगळं फर्निचर म्हणजे पांढरी गादी, लोड आणि मांडीपुढे उतरत्या झाकणाचं बैठं डेस्क. झाकणावर चोपडी, झाकणाखाली दौत, टाक, पावत्या. त्याआधीच्या दप्तरांना तर कपाटही लागत नसे. कागद रुमालात घालायचे, गाठ मारायची, की झालं कपाट. पुण्याच्या पेशवे दप्तरात असे सुमारे 39 हजार रुमाल आहेत. खुर्ची हा शब्द अरबी, बाक आणि अलमारी पोर्तुगिजांकडून आलेले, टेबल इंग्रजांचं. कपाट तेवढं संस्कृत, पण तिथे त्याचा अर्थ दार! आपण दाराचं नाव सबंध पेटीला दिलं.

इंग्रजी कचेऱ्या आल्या तशी माणसं जमिनीवरून उठून खुर्चीत बसली. टेबलं बर्मी सागाची. 1942 मध्ये रंगून जपान्यांच्या हाती गेलं आणि तो साग आटला. पण लाकडाचा खरा वैरी मुंबईचा जुलै. सागाचेही खण फुगतात. ओढायला दोन शिपाई लागत. हलक्या लाकडाला वाळवी लागे, आणि वाळवीला लाकडापेक्षा आतला कागद आवडतो. म्हणून लोखंड आलं. अर्देशीर गोदरेजांनी 1897 मध्ये कुलपांपासून सुरुवात केली, मग तिजोऱ्या, आणि 1923 मध्ये पोलादी कपाट. पुढे आपल्याकडे 'गोदरेज' म्हणजेच कपाट झालं, ते कोणत्याही कारखान्याचं असो. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीच्या लाखो मतपेट्या गोदरेजांच्या विक्रोळीच्या कारखान्यातून गेल्या. मला त्यात नवल वाटत नाही. मतपेटी म्हणजे तरी काय, कागद कुलपात ठेवायचीच सोय.

सरकारी कचेऱ्यांची तऱ्हा वेगळी. तिथलं बरंचसं सामान तुरुंगातल्या सुतारशाळांतून येई. माझी मैत्रीण न्यायालयात लघुलेखक होती. येरवड्याच्या टेबलाला ती कधी नावं ठेवत नसे. म्हणायची, "घाई नसलेल्या माणसाने केलंय."

मान मात्र लाकडातही होता आणि लोखंडातही. कारकुनाला बिनहाताची खुर्ची, हेडक्लार्कला हातांची, अधिकाऱ्याला टेबलावर काच. काचेखाली गणपती, फोन नंबरांची यादी, मुलाचा फोटो. साहेबांची खुर्ची फिरती, आणि तिच्या पाठीवर टॉवेल. बढतीचं पत्र यायच्या आधी माझ्याकडे खुर्चीची मागणी येई. एकदा एका साहेबांनी सहा फुटी टेबल मागवलं. ते इमारतीच्या लाकडी जिन्यात अडकलं, शेवटी हमालांनी दोर लावून खिडकीतून घेतलं. सबंध रस्ता वर बघत उभा होता.

खुर्च्या वेताच्या. हवा खेळायची, पण जाळीच्या कडेला ढेकूण व्हायचे. शनिवारी दुपारी गच्चीवर उन्हात खुर्च्यांची रांग आणि सांध्यांत रॉकेल. वर्षातून एकदा, उन्हाळ्यात, वेत विणायला काका यायचे. ते अंध होते. अंधांच्या शाळांत हे काम शिकवत, आणि कितीतरी कचेऱ्यांच्या खुर्च्या अशा हातांनी विणलेल्या असत. वेत बादलीत भिजत घालून ते आधी जुन्या बैठकीवरून तळवा फिरवत. "हा डावीकडे कलतो. पाठीचं दुखणं असणार." मी यादी बघायची. खरंच, त्या खुर्चीवर आमचे पाठीला पट्टा बांधणारे कॅशियर बसत.

1991 मध्ये फोमच्या खुर्च्या आल्या. काका नेहमीसारखे मे महिन्यात आले, तेव्हा वेताची एकच खुर्ची उरली होती, माझी. नवी खुर्ची मी सगळ्यांसाठी मागवली होती, स्वतःसाठी मागवायची राहून गेली होती. त्यांनी तळवा फिरवला आणि पुढच्या कडेशी थांबले. तिथली जाळी पार गेली होती, मागची जवळजवळ कोरी.

"ही बाईमाणसाची. कडेवर बसतात. पाय टेकत नसणार."

तोवर मी शेकडो खुर्च्या घेतल्या होत्या. बैठक जमिनीपासून 18 इंच, टेबल 30 इंच, प्रत्येक मागणीपत्रावर माझ्याच अक्षरात. पर्समधून टेप काढली आणि गुडघ्यापासून टाचेपर्यंत लावली. साडेपंधरा.