प्रबंधांचे राखणदार

विद्यापीठाच्या ग्रंथालयात, सामान्य वाचकाचे पाऊल जिथे सहसा वळत नाही अशा एखाद्या कोपऱ्यातल्या लोखंडी मांडणीवर, काळ्या वा तांबड्या रेक्झिनच्या बांधणीत, पाठीवर सोनेरी अक्षरांनी नाव, पदवी आणि साल मिरवणारे पीएच.डी.चे प्रबंध ओळीने उभे असतात. एकेका प्रबंधात एकेका अभ्यासकाच्या उमेदीची चार-सहा वर्षे वेचलेली असतात; परंतु प्रती मोजक्याच, आणि त्याही दप्तरदाखल झालेल्या. विद्येचे जतन व्हावे म्हणून घातलेल्या शिरस्त्यानेच विद्या लोकांच्या दृष्टीआड व्हावी, हे शल्य ग्रंथपालांना फार काळ बोचत होते. आणि त्या शल्यातूनच एका नव्या व्यवसायबंधुत्वाचा उदय झाला.

अमेरिकेत पीएच.डी.ची पहिली पदवी १८६१ मध्ये येल येथे दिली गेली. जर्मन परंपरेत प्रबंध छापून विद्यापीठांनी आपसांत वाटण्याचा प्रघात होता. पण छपाईचा खर्च विद्यार्थ्याच्या आवाक्याबाहेरचा असे. यावर पहिला व्यवहार्य तोडगा युजीन पॉवर यांनी काढला. १९३८ मध्ये मिशिगनमधील अ‍ॅन आर्बर गावी, अंत्यविधीची व्यवस्था करणाऱ्या एका दुकानाच्या मागील दोन खोल्यांत, त्यांनी ‘युनिव्हर्सिटी मायक्रोफिल्म्स’ ही संस्था स्थापन केली. प्रबंधाची सूक्ष्म छायाफीत जपून ठेवावी आणि मागणी येईल तेव्हा तिच्यावरून नक्कल काढून द्यावी, ही त्यांची तजवीज पुढे अर्धशतक टिकली.

त्याच अ‍ॅन आर्बरमध्ये १९८७ साली, प्रबंध कागदाऐवजी संगणकीय रूपातच दाखल करता येतील काय, याचा विचार करण्यासाठी एक बैठक भरली. मजकुराच्या रचनेला खुणा घालणारी ‘एसजीएमएल’ ही प्रमाणपद्धती वर्षापूर्वीच जागतिक मानक म्हणून मान्य झाली होती. परंतु विद्यार्थ्याच्या हाती सुलभ साधन आले ते १९९३ मध्ये ‘पीडीएफ’ निघाल्यावर. व्हर्जिनिया टेक या ब्लॅक्सबर्ग येथील विद्यापीठात संगणकशास्त्राचे प्राध्यापक एडवर्ड फॉक्स, ग्रंथपाल गेल मॅकमिलन आणि पदव्युत्तर विभागाचे जॉन ईटन यांनी हा विचार तडीस नेला, आणि १९९७ च्या आरंभापासून तेथे प्रबंध संगणकीय रूपात सादर करणे सक्तीचे झाले. अशी सक्ती करणारे ते पहिलेच विद्यापीठ.

अंमलबजावणीचा खरा भार मात्र प्रबंध-कार्यालयातील कर्मचाऱ्यांवर पडला. बांधणीत अक्षरे गडप होऊ नयेत म्हणून डाव्या बाजूचा दीड इंचाचा समास पट्टीने मोजणाऱ्या त्या माणसांना आता निराळीच खातरजमा करावी लागली: फाइल दुसऱ्या यंत्रावर उघडते काय, टंक तिच्यातच अंतर्भूत आहेत काय, अनुक्रमणिकेवरून इष्ट पानावर जाता येते काय. प्रबंध सर्वांना खुला झाला तर प्रकाशक पुस्तक स्वीकारणार नाहीत, अशी धास्ती प्राध्यापकांना होती. पेटंटची चिंता वेगळीच. म्हणून प्रबंध सर्वांस खुला ठेवावा, विद्यापीठापुरता मर्यादित करावा, की काही मुदत रोखून धरावा, हा विकल्प ठेवण्यात आला, आणि त्या मुदतींचा हिशेब राखणे हेही याच मंडळींच्या जबाबदारीत आले.

हे प्रश्न एका कचेरीत सुटणारे नव्हते. १९९६ मध्ये प्रबंधांच्या संगणकीय ग्रंथालयांना जोडणारी ‘एनडीएलटीडी’ ही संघटना उभी राहिली. १९९८ मध्ये मेम्फिसला पहिले संमेलन भरले, पुढच्या वर्षी ब्लॅक्सबर्गला, आणि मग बर्लिन, सिडनी, उप्साला असा त्याचा प्रवास चालू राहिला. पुढे अमेरिकेतील कर्मचाऱ्यांनी आपली स्वतंत्र संघटनाही बांधली. एकाने केलेली नियमावली दुसऱ्याने नि:संकोच उचलावी आणि आपल्या चुका तिसऱ्यास सांगून सावध करावे, ही या मेळाव्यांची रीत. २०१५ साली हे संमेलन दिल्लीत, जवाहरलाल नेहरू विद्यापीठात भरले.

आपल्याकडे या कार्याचा पाया म्हैसूर विद्यापीठाच्या ‘विद्यानिधी’ प्रकल्पाने घातला. २००९ च्या विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नियमांनी प्रबंधाची संगणकीय प्रत देणे बंधनकारक केले, आणि गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राने चालविलेल्या ‘शोधगंगा’ भांडारात आज पाच लाखांहून अधिक प्रबंध विनामूल्य वाचता येतात. मुंबई-पुण्याच्या मांडणीवरचा प्रबंध गडचिरोलीच्या विद्यार्थ्याला घरबसल्या उघडता यावा, ही सामान्य गोष्ट नव्हे.

तथापि एक उणीव मनाला लागते. युनिकोडपूर्व टंकांत जुळविलेला, किंवा केवळ पानांची छायाचित्रे काढून चढविलेला एखादा मराठी प्रबंध उघडावा, डोळ्यांसमोर ‘कीर्तन’ हा शब्द ठळक दिसत असावा, आणि तोच शब्द शोधपेटीत लिहिताच यंत्राने काहीच सापडत नाही असे सांगावे, हा अनुभव मराठी अभ्यासकाला नवा नाही. असा प्रबंध खुला असूनही अर्धा बंदच राहतो. म्हणून प्रबंध सादर करणाऱ्या प्रत्येक मराठी संशोधकास विनंती आहे, की आपली प्रत युनिकोडमध्येच द्यावी. आणि ती तपासून घेणाऱ्या कारकुनाने चार शंका काढल्या तर त्रासिक होऊ नये, कारण पन्नास वर्षांनी आपला शब्द कुणाला सापडेल की नाही, हे त्याच्या त्या शंकांवरच अवलंबून आहे.