पीएचपीइन्फो : एका ओळीच्या आज्ञेचा इतिहास

सर्व्हरच्या पोटात काय दडले आहे, हे एका ओळीत सांगणारी आज्ञा म्हणजे पीएचपीइन्फो. तिची कहाणी वेबच्या भाबड्या काळापासून सुरू होते. 🧵

ग्रीनलंडमध्ये जन्मलेल्या रासमुस लेरडॉर्फ यांनी १९९४ मध्ये स्वतःच्या वेबपानासाठी काही लहान साधने रचली आणि जून १९९५ मध्ये ती सर्वांना खुली केली. पुढे आलेल्या पीएचपी/एफआय या रूपात तर कुठल्याही पानाच्या पत्त्याला '?इन्फो' जोडले की सर्व्हरची माहिती समोर येई. ना कुलूप, ना पहारेकरी! पीएचपीइन्फो हे फंक्शन तेच पान छापत असे.

त्या काळी यात कुणाला वावगे वाटले नाही. सर्व्हर बहुधा दुसऱ्याच्या मालकीचा असे. त्यावर कोणती आवृत्ती आहे, कोणते विस्तार जोडलेले आहेत, हे कळण्याचा सोपा मार्ग हाच होता. अडचण अशी, की काम झाल्यावर ती फाइल पुसायचे राहून जाई आणि तिचे नाव कुणालाही ओळखता येण्याजोगे असे.

त्या पानाला विनोदाचेही अंग होते. १ एप्रिलला बोधचिन्हाच्या जागी कुत्र्याचे छायाचित्र झळके. एक ठरावीक सांकेतिक मजकूर पत्त्याला जोडल्यास ते एरवीही पाहता येई. पण आवृत्तीगणिक चित्र बदले. म्हणजे चित्र पाहूनच आवृत्तीचा अंदाज बांधता येई. २०१३ च्या ५.५ आवृत्तीत ही गंमत काढून टाकण्यात आली.

२००५ मध्ये खुद्द या पानातच क्रॉस-साइट स्क्रिप्टिंगची त्रुटी सापडली. २०११ मधला शोध त्याहून धूर्त होता. पीएचपीकडे फाइल पाठवली की ती क्षणभर तात्पुरत्या, यादृच्छिक नावाने साठवली जाते आणि काम संपताच पुसली जाते. पीएचपीइन्फोचे पान ते नाव छापून मोकळे होते! संकेतस्थळात स्थानिक फाइल समाविष्ट करू देणारी दुसरी एखादी चूक असेल, तर पुसली जाण्यापूर्वीच त्या फाइलमधला मजकूर चालवता येतो. एकटी निरुपद्रवी वाटणारी माहिती दुसऱ्या चुकीच्या हाती शस्त्र देते, ती अशी.

त्याच दशकात डेटाबेसचे पासवर्ड पर्यावरण-चलांत ठेवण्याची रीत रुजली. कोडमध्ये गुपिते नकोत, हा हेतू योग्यच; परंतु पीएचपीइन्फो पर्यावरण-चलेही छापते.

सुरक्षित वाट मात्र जुनीच आहे. डिसेंबर २००२ च्या ४.३ आवृत्तीपासून आदेश-ओळीवरचे पीएचपी स्थिरावले. तेथे 'पीएचपी -आय' हा आदेश तीच माहिती वेबवर काहीही न मांडता देतो. येथे एक मेख आहे: आदेश-ओळीची आणि वेब सर्व्हरची पीएचपी.आयएनआय फाइल अनेकदा वेगळी असते. डेबियन व उबुंटूमध्ये तर त्यांचे कप्पेच निराळे. 'पीएचपी --आयएनआय' हा आदेशही आदेश-ओळीने कोणती फाइल वाचली एवढेच सांगतो. वेब सर्व्हरचे खरे मूल्य हवे असेल, तर पान तयार करावेच लागते. मग ते फक्त आपल्या पत्त्यावरून उघडेल असे बांधावे, फंक्शनला योग्य निर्देश देऊन पर्यावरण व चलांचे भाग गाळावेत, हवे ते टिपून घ्यावे आणि फाइल त्याच बैठकीत पुसावी.