फ्रँचायझीची खापरपणजी

एका संस्थेने आपले नाव, माल आणि कामाची रीत कराराने दुसऱ्याला वापरू देणे म्हणजे फ्रँचायझी. चहाच्या दुकानांपासून शिकवणी वर्गांपर्यंत तिचा आज सुळसुळाट आहे. तिच्या वंशावळीतला सर्वांत अनपेक्षित फाटा मात्र वर्धा जिल्ह्यातील आंजी (मोठी) येथे सापडतो. सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेने 2003 ते 2008 या काळात आंजी, गौळ व तळेगाव या प्राथमिक आरोग्य केंद्रांच्या 67 गावांत बालआरोग्याचा ‘क्लिक्स’ प्रकल्प चालवला, तो ‘सामाजिक फ्रँचायझी’ म्हणून. फ्रँचायझी देणारी वैद्यकीय संस्था, घेणारी गावाची समन्वय समिती आणि घरोघर जाणारी ‘क्लिक्स दूत’ त्याच गावातली बाई.

या पद्धतीचे जनकत्व बहुधा अमेरिकेच्या सिंगर शिलाई मशीन कंपनीला दिले जाते. तिने 1850 च्या दशकात एकेका प्रदेशाचे विक्रीहक्क दलालांना विकले. पण पुढे तेच हक्क परत घेऊन तिने स्वतःच्या शाखा उघडल्या. शिवाय त्या व्यवहारात मुख्यतः हक्कच विकले गेले होते, कामाची रीत नव्हे. म्हणून मार्था माटिल्डा हार्परचा दावा अधिक भक्कम ठरतो. बरीच वर्षे घरकामाला राहिलेल्या या बाईने 1888 मध्ये रॉचेस्टरला केशप्रसाधनगृह काढले आणि 1891 पासून ते चालवण्याची रीत गरीब, कष्टकरी स्त्रियांना शिकवून त्यांनाच दुकाने थाटून दिली. भरभराटीच्या काळात ती सुमारे 500 झाली. इथे हस्तांतर झाले ते ज्ञानाचे. आंजीतही विकण्याजोगे काही नव्हतेच.

मधले टप्पे परिचित आहेत: हॅम्बर्गरची दुकाने, मग 1990 च्या दशकात कुटुंबनियोजनासाठी पाकिस्तानातील ‘ग्रीन स्टार’ आणि बिहारमधील ‘जननी’.

प्रतिपक्ष म्हणेल, हार्परपर्यंत जायचे कशाला? गावच्याच बाईला आरोग्यसेविका करण्याची रीत डॉ. रजनीकांत व मेबल आरोळे यांनी 1970 पासून जामखेडला रुजवली होती. आक्षेप वजनदार आहे. पण जामखेडहून आली ती दूत. संस्थेने आपली रीत बांधून गावाच्या हाती सोपवायची, ही कल्पना रॉचेस्टरच्या घराण्यातलीच.

एका बाबतीत मात्र आंजीने खापरपणजीवर मात केली. हार्परचे ज्ञान एकाच दिशेने, वरून खाली वाहत होते. आंजी केंद्राच्या गावांत नवजात बाळाच्या धोक्याच्या लक्षणांवर काम करताना आधी बायकांनाच विचारले गेले. त्यांनी सांगितलेली लक्षणे टिपून घ्यायची, त्यांच्या चिठ्ठ्या करायच्या आणि सारख्या वाटतील त्या बायकांनी एका ढिगात लावायच्या. बाळ दूध ओढत नाही हे डॉक्टरच्या ढिगात जाते की दृष्ट लागण्याच्या, ते तिथेच उघड होते. संदेश ठरायचे ते त्यानंतर. 2004 च्या तुलनेत 2007 मध्ये मातांची या लक्षणांविषयीची जाण लक्षणीय वाढलेली आढळली. बाहेरच्या बाधेवरचा विश्वास मात्र पुरता गेला नाही.

हे यश गावाला दिलेल्या पुस्तकी पाठाचे जेवढे, त्याहून अधिक गावाकडून आधी टिपून घेतलेल्या माहितीचे मानावे लागते. घराण्याच्या मूळपुरुषाचा मान मात्र सिंगरकडून काढून हार्परबाईंनाच द्यायला हवा.