दवबिंदू, डार्विन आणि कुंडीतील पाणी

कास पठारावर पावसाळ्याच्या उत्तरार्धात जांभ्याच्या कातळावर पाण्याचा पातळ थर साचतो. तेथे ‘सीतेची आसवं’ फुलते आणि ‘दवबिंदू’ आपल्या चिकट केसांनी किडे धरतो. या मातीत नायट्रोजन जवळजवळ नाही, तरीही दोन्ही वनस्पती सुखात असतात. मग रोपवाटिकेतून आणलेली त्यांचीच भावंडे खिडकीत काळी का पडतात?

या प्रश्नाचा धागा बराच मागे जातो. 1769 मध्ये जॉन एलिस यांनी व्हीनस फ्लायट्रॅपचे वर्णन लिनियसला कळवले. ही वनस्पती कीटक खाते, हा एलिस यांचा तर्क लिनियसला पटला नाही. डार्विनने 1860 पासून दवबिंदूच्या कुळातील एका जातीवर प्रयोग केले. दूध व अंड्याचा पांढरा बलक टाकताच पानावरील केस वाकत, साखर, स्टार्च, ऑलिव्ह तेल आणि (इंग्रज माणूस तो!) चहा यांना ते दाद देत नसत. वनस्पती नायट्रोजन ओळखत होती. 1875 मध्ये त्याचा ग्रंथ आला. पुढे 1878 मध्ये फ्रान्सिस डार्विनने भाजलेल्या मांसाचे सूक्ष्म कण देऊन काही रोपे वाढवली. उपाशी रोपेही जगली; मात्र पोसलेल्यांना बिया कितीतरी अधिक आल्या.

म्हणजे माशी हे खत आहे. ऊर्जा सूर्यप्रकाशातूनच येते. अंधाऱ्या कोपऱ्यातील रोपाला मटणाचा तुकडा भरवला, तर तो कुजतो आणि सापळाही कुजवतो.

मला स्वतःला 1873 चा प्रयोग अधिक मोलाचा वाटतो. डार्विनच्या सूचनेवरून बर्डन-सँडरसन यांनी फ्लायट्रॅपच्या पानातील विद्युतस्पंद मोजले. साधारण वीस सेकंदांत दोन स्पर्श झाले तरच सापळा मिटतो. प्रत्येक मिटण्याला ऊर्जा लागते आणि एक सापळा मोजक्याच वेळा मिटू शकतो. गंमत म्हणून बोट घालणारे पाहुणे रोपाला खरोखर थकवतात.

बहुतेक रोपे मात्र पाण्याने मरतात. नळाच्या किंवा कूपनलिकेच्या दुष्फेन पाण्यातील क्षार बाष्पीभवनानंतर कुंडीतच उरतात आणि निकृष्ट मातीला सरावलेली मुळे करपतात. इथे भिलाईत, जुनवानीच्या उन्हाळ्यात, ही साठवण आणखी वेगाने होते. म्हणून पावसाचे किंवा ऊर्ध्वपातित पाणी, खतविरहित पीट व वाळू, आणि दुपारी सावली. घटपर्णीला मात्र तळाशी साचलेले पाणी सोसत नाही. मेघालयातील घटपर्णी तर ‘साइट्स’च्या पहिल्या परिशिष्टात आहे; रोप घेताना ते संवर्धित आहे की जंगलातून उपटलेले, हे विक्रेत्याला जरूर विचारावे.